‘सावधान’नंतरच्या वीस मात्रा

मला नाशकात ठेवून घेतलं ते आमच्या बँडमास्तरांनी, आणि पुढं माझी जागा वाचवली तीही त्यांनीच. हे आधीच सांगून टाकतो. कारण हकीकत सांगायला लागलं की ऐकणारा हसत सुटतो, मग मलाही हसू आवरत नाही, आणि त्या भरात आभार मानायचे राहून जातात. असं दोनदा झालंय.

मी सावंतवाडीकडचा. वडिलांचा सनईचा ताफा होता. सूर धरायला माणूस कमी पडला म्हणून तिसरीत माझी शाळा सुटली. विसाव्या वर्षी एका गृहस्थाच्या नावानं चिठ्ठी घेऊन नाशकाला आलो, तर ते गृहस्थ महिनाभरापूर्वीच खानदेशात निघून गेलेले. परतीचा रस्ता माहीत, पण कोणत्या तोंडानं परतायचं ते माहीत नाही. घाटावर बसून सनई काढली आणि वाजवायला लागलो, म्हणजे रडायला नको म्हणून. समोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. लाल कोट, पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झालर, आणि हातात वांग्यांची पिशवी. मला वाटलं, संस्थानी सरदार असावा. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. खिशातून घड्याळ काढलं आणि म्हणाला, एक सूर धर, थांबू नको. मी धरला. डोळ्यांपुढं काजवे चमकले तरी धरला. त्यानं घड्याळ मिटलं आणि उद्या भद्रकालीजवळच्या लाकडाच्या वखारीत ये म्हणाला.

तेच आमचे मास्तर. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात क्लॅरिनेट दिलं आणि बजावलं, की सनई आणि क्लॅरिनेट या मावसबहिणी, पण एकमेकींकडे जात-येत नाहीत; तुला दोघींशी गोड राहावं लागेल.

माणसांना ते अरे-तुरे करत आणि वाद्यांना अहो-जाहो. कॉर्नेट खाली ठेवताना आदळलं तर वाजवणाऱ्याकडे ढुंकून न बघता कॉर्नेटची माफी मागत. सगळ्यांत मोठ्या पितळी वाद्याला ते ‘काका’ म्हणत आणि थंडीत त्याच्या तोंडावर घोंगडी घालत. तो लाल कोट तरुणपणी एका संस्थानच्या बँडात मिळालेला. संस्थानिकांनी बँड मोडला, कोट तेवढा राहिला. लग्नसराई असो नसो, पंचवटीच्या भाजीबाजारात जायचं तरी कोट हवाच. भाजीवाल्या बायका त्यांना पाहून उठून उभ्या राहत, मग कोण आहे ते ओळखून पुन्हा बसत. हे रोज. त्यांना चालताना माणूस नेहमी उजवीकडे लागे, कारण डावा कान गेलेला होता. उजव्याबद्दल वैद्यांनी सांगितलं होतं, फार तर एक वर्ष.

आणि ह्या वर्षातच त्यांना त्यांचं आख्यान ऐकायचं होतं.

आख्यान म्हणजे कीर्तनातलं नव्हे. त्यांचे एक मित्र तालुक्याच्या शाळेत शिक्षक होते, अकाली गेले. त्यांनी ओव्यांमध्ये एक लांबलचक कथा लिहिली होती, दोनशेवर ओव्या, कधी छापली नाही. गोष्ट अशी: लग्नाची वेळ येते आणि नदीला पूर चढतो. नवरी ह्या तीरावर, नवरदेव पलीकडे. नाव लागत नाही. मुहूर्त टळेल म्हणून नवरीचा बाप घाबरा होतो. तेव्हा नवरी म्हणते, अंतरपाट हवा ना, मग ही नदीच अंतरपाट. भटजी ह्या काठावरून ओरडून मंगलाष्टकं म्हणतात. शेवटचं ‘सावधान’ होतं, आणि सगळं पाणी क्षणभर जागच्या जागी उभं राहतं. नवरदेव चालत येतो. मग पाणी, काही झालंच नाही अशा थाटात, पुढं निघून जातं.

मास्तरांनी ही गोष्ट वाद्यांवर लिहिली होती. गाणारा एकही नाही. नवरी म्हणजे क्लॅरिनेट, म्हणजे मी. नवरदेव कॉर्नेट. भटजी म्हणजे तो मोठा काका. पूर म्हणजे ड्रम, आणि नाटक कंपनीतून मागून आणलेले दोन फिडलवाले. सगळं मिळून वीस-बावीस मिनिटांचं. आणि मधोमध, शेवटच्या ‘सावधान’नंतर, वीस मात्रा काहीच नाही. एकोणीस माणसांनी वीस मात्रा गप्प राहायचं, पाणी थांबलंय. एकविसाव्या मात्रेला मी एकट्यानं खालचा षड्ज लावायचा, अगदी बारीक.

लिहिलं होतं कशावर, तर लग्नपत्रिकांच्या पाठीवर. बँडाला पत्रिका फुकट येत, आणि कागद विकत घेणं मास्तरांना पाप वाटे. शे-सव्वाशे पत्रिका, कोपऱ्यांना हळद, उशीच्या अभ्र्यात भरलेल्या. पानांना आकडे टाकलेले नव्हते. त्यामुळं तालमीत मास्तर ओरडत, “जोशांच्या मुंजीपासून घ्या.” मग पूर चढायला लागे तो देशमुखांच्या थोरलीपर्यंत चढत जाई, आणि गुजराथ्यांच्या दुहेरी लग्नाशी नवरी पहिल्यांदा बोले. कोणत्या घरात काय कार्य झालं ते अजून मला त्या सुरांवरून आठवतं.

मास्तरांचा एक नियम होता. जी गोष्ट सांगता येत नाही ती वाजवता येत नाही. त्यामुळं प्रत्येकानं सगळ्या ओव्या पाठ करायच्या. मला अक्षर लागेना. छापलेलं जोडाक्षर दिसलं की माझी जीभ आत ओढली जाई. मास्तरांनी मला दुपारी वखारीतल्या ओंडक्यावर बसवून रोज दहा ओव्या वाचायला लावल्या. चुकलो तर रागवत नसत, फक्त उजवा कान पुढं करत. त्या कानाकडे बघत मी दोन महिन्यांत वाचायला शिकलो. आज हे लिहितोय ते त्या ओंडक्याच्या पुण्याईवर.

मोठा ड्रम वाजवणारे चाचा मालेगावचे, घरी हातमाग. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून ते कानानं शिकले. आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली ती अशी, की नदी म्हणजे त्यांच्या गावची मोसम, नवरी त्यांची सख्खी भाची, भटजींच्या जागी काझीसाहेब, आणि नवरदेव उशिरा येतो त्याचं कारण तो मुळातच आळशी. मास्तरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरोबर आहे, आता वाजव. त्या दिवसापासून चाचांचा पूर खरा वाटायला लागला.

अडचण दोन ठिकाणी होती. पहिली, ऐकणार कोण. मास्तर कोटाच्या बटणांना पॉलिश करून गावातल्या संगीतप्रेमी मंडळींकडे गेले. त्यांनी विचारलं, गाणार कोण? कोणी नाही. मग लोक काय ऐकणार? वाद्यं. किती वेळ? वीस मिनिटं. मंडळींनी चहा पाजला. नाटकाच्या थिएटरवाल्यानं अंक बदलताना पडदा पाडून पाच मिनिटं देतो म्हणून सांगितलं. मास्तरांनी हिशेब केला, पाच मिनिटांत पूरच येत नाही. आमचे मालक म्हणजे बँडाचे मालक. भला माणूस, पण त्यांचं म्हणणं असं, की बँड हा लग्नाचा भाग आहे, मांडवाच्या खांबासारखा. खांब कधी गोष्ट सांगायला लागतो का?

मी एकदा धीर करून विचारलं, मास्तर, तालमीत तर तुम्ही रोज ऐकता. ते म्हणाले, तालमीत मी चुका ऐकतो. आणि गप्प बसलेली माणसं समोर नसतील तर ती शांतता कशी ऐकू येणार? रिकाम्या वखारीत शांतता आयतीच असते.

दुसरी अडचण त्या शांततेचीच. लग्नाच्या बँडवाल्याचा एक धर्म असतो. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की वाद्य ओठाला, आणि ‘सावधान’ पडलं की फुंकायचं. एक क्षण उशीर झाला तर यजमान मारायला उठतो. हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं, की तालमीत काकानं ‘सावधान’चा सूर टाकला की एकोणीस जण एकदम सुटत. पाणी थांबण्याऐवजी धरणच फुटे. चाचा तर चाळीस वर्षं त्या शब्दावर काठी हाणत आलेले. हात पकडून बघितला, उपरण्यानं बांधून बघितला. शेवटी मास्तरांनी त्यांच्या त्या हातात ताकानं काठोकाठ भरलेला पेला दिला. ‘सावधान’ झालं आणि ताक पहिल्या रांगेच्या टोप्यांवर गेलं.

“मास्तर, हाथ मेरा नहीं सुनता,” चाचा रडवेले होऊन म्हणाले. “कान की सुनता है.”

मास्तर खूश झाले. म्हणाले, रोग सापडला, आता औषध कानातूनच.

तो चातुर्मास होता. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून बँडवाले आपापल्या गावी जातात. त्या वर्षी मास्तरांनी कोणाला जाऊ दिलं नाही. आणि औषध सुरू केलं. कधीही, कुठंही, काही कारण नसताना ते ‘शुभमंगल सावधान’ म्हणून आरोळी ठोकत, आणि आम्ही होतो तिथं, होतो तसे, वीस मात्रा गोठायचं. चहा पिताना, दाढी करताना, सायकलवरून जाताना. कॉर्नेटवाला सायकलवर गोठला आणि गाईला जाऊन धडकला. मास्तरांनी त्याची पाठ थोपटली, कारण तो पडताना गप्प होता. पंचवटीच्या बाजारात आम्ही सहाजण भाजी घेत होतो तेव्हा मागून आरोळी आली. माझा हात भेंडीवर, चाचांचा पाय चिखलातून अर्धा वर, भाजीवाली विचारतेय पावशेर की अर्धा शेर, आणि आम्ही सहा पुतळे. ती घाबरून शेजारणीला म्हणाली, “अगं, ह्यांना काय झालं बघ की.” शेजारीण शांतपणे म्हणाली, “काही नाही गं, बँडवाले आहेत.”

दसऱ्यापर्यंत आम्ही तयार झालो. दिवाळीत तर वखारीत असा प्रकार झाला, की मास्तरांनी ‘सावधान’ म्हटलं आणि वखारीच्या मालकाचा कुत्रासुद्धा भुंकायचा थांबला. मास्तर म्हणायचे, “वाजवायला दम लागतो रे, थांबायला छाती लागते.” आम्हांला त्या दिवसांत छाती फार मोठी झाल्यासारखी वाटायची.

तुळशीचं लग्न झालं आणि सराई सुरू झाली. पहिलंच कार्य एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलीचं. मांडवात सात-आठशे माणूस. पंक्तींची पानं मांडून झालेली, वाढपी मठ्ठ्याच्या बादल्या घेऊन उभे. आम्ही मांडवाच्या उजव्या बाजूला, नवे पट्टे लावून. मास्तर पुढं, काठी काखेत. लग्नाचं वाजवणं म्हणजे काय, झोपेत वाजवू, म्हणून कोणी काही बोललं नव्हतं. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटचं आलं, वाद्यं ओठाला लागली. अक्षतांच्या मुठी वर झाल्या.

भटजींनी खणखणीत आवाजात ‘सावधान’ म्हटलं, अंतरपाट खाली आला, आणि आम्ही गोठलो.

मी खोटं लिहीत नाही, पहिल्या दोन मात्रा मला काही वेगळं वाटलंच नाही. मी इमानानं मोजत होतो. मग कानावर एक आवाज आला, बारीक, सर्रकन. अक्षता खाली पडत होत्या. आठशे माणसांच्या लग्नात तांदूळ पडल्याचा आवाज ऐकू येत होता. तेव्हा मला कळलं, ही तालीम नव्हे. मी डोळे फिरवले. चाचांची काठी ड्रमपासून चार बोटांवर, कपाळावर घाम. त्यांनाही कळलं होतं. सगळ्यांनाच एकेक करून कळत होतं, आणि सगळे मास्तरांकडे बघत होते. त्यांनी नुसतं बोट हलवलं असतं तरी आम्ही सुटलो असतो. मास्तरांची काठी काखेतच होती. डोळे मिटलेले, उजवा कान मांडवाकडे, आणि ओठ हलत होते. सात. आठ. नऊ.

भटजींना वाटलं आपलंच एखादं मंगलाष्टक राहिलं. ते बोटांवर मोजायला लागले. नवरीचा बाप तोंड उघडं ठेवून उभा. बोलायचं कोणाला सुचलं नाही, कारण अशा वेळी काय बोलायचं असतं ते कोणालाच माहीत नव्हतं, ही वेळ कोणाच्या लग्नात कधी आलीच नव्हती. आणि मध्ये ती दोघं, हार हातांत उचललेली. एरवी ह्या क्षणाला इतका गोंगाट आणि ढकलाढकल असते की नवरा-नवरी एकमेकांना धड बघत नाहीत. ती दोघं बघत होती. नवरदेवाच्या मिशीवर अक्षता अडकली होती, आणि नवरीला हसू फुटत होतं.

अठरा. एकोणीस. वीस.

आता इथं मी काय करायला हवं होतं ते मला पुढं पुष्कळांनी सांगितलं. पण माझी बोटं विचारायला थांबली नाहीत. मी खालचा षड्ज लावला, बारीक. त्या सुरावर नवरीनं हार घातला.

एकदा नवरी बोलली म्हटल्यावर नवरदेवाला उत्तर द्यावंच लागतं. कॉर्नेट आलं. मग काका आला. पाणी सुटलं. फिडलवाले नव्हते, तर चाचांनी ते पाणी ड्रमच्या कातड्यावर नुसत्या बोटांनी काढलं. मास्तरांची काठी आता वर आली होती आणि ते आम्हांला नेत होते, पवारांच्या साखरपुड्यापासून अगदी शेवटच्या पत्रिकेपर्यंत, सात-आठ मिनिटं. जेवणाला उठायची वेळ, आणि कोणी उठेना; उठावं की नाही तेच कळेना. एक वाढपी बादली हातात तोलून शेवटपर्यंत तसाच उभा होता. शेवटचा सूर विरला. बँडाला लग्नात टाळी नसते, म्हणून टाळी नाही पडली. फक्त मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, की हे कोणत्या नाटकातलं?

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. वरमाईनं अपशकुन धरला. नवरीच्या बापानं आमच्या मालकांना मांडवाच्या मागं नेलं. मालक परतले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला माझी ट्रंक डोळ्यांपुढं दिसली. त्यांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि विचारलं, गप्प बसलात ते बसलात, नंतर लग्नाची चाल सोडून हे भलतं सुरू कोणी केलं? मी पुढं होणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, “मी इशारा केला. तो पोरगा इशाऱ्यावर वाजवतो, त्याचा दोष नाही.”

इशारा केला नव्हता. काठी काखेत होती, हे सगळ्या बँडानं बघितलं होतं. सगळे गप्प राहिले. तेवढी तालीम झालेली होती.

मास्तरांची जागा गेली, माझी राहिली. इंदूरला त्यांची मुलगी दिलेली, तिकडं जायचं ठरलं. नाशिकरोड स्टेशनापर्यंत मी टांग्यात त्यांच्या उजवीकडे बसून गेलो. लाल कोट होताच. टांगेवाल्यानं दोनदा वळून मुजरा केला. मी रडत होतो आणि म्हणत होतो की माझ्यामुळं झालं. त्यांनी कोटाचं एक बटण बाहीनं पुसलं. मग म्हणाले, “तिसऱ्याच मात्रेला मला कळलं होतं, कोकणकर. हात वर केला असता तर निभावलं असतं. पण इतकी माणसं एकदम गप्प बसलेली मी जन्मात ऐकली नव्हती. म्हटलं, ऐकून घेऊ.”

गाडीत बसताना त्यांनी तो पत्रिकांचा अभ्रा माझ्या हातात दिला. म्हणाले, ओल लागू देऊ नको, देशमुखांची शाई पसरते.

त्या लग्नाचा अपशकुन काही फळला नाही. दीडच वर्षात बारशाला त्याच घरून आम्हांला बोलावणं आलं, जुळ्यांच्या. चिठ्ठीत एक अट होती, बँडानं मध्येच कुठं गप्प बसू नये. नव्या मास्तरांनी ती आम्हांला मोठ्यानं वाचून दाखवली, आणि चाचा ड्रमवर डोकं ठेवून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मास्तरांची पत्रं येतात. अक्षर आता मुलीचं असतं. मागच्या पत्रात लिहिलंय, उजवा कानही जवळजवळ गेला, पण काळजी करू नये, आतून नीट ऐकू येतं.

मला काळजी वाटतेच. म्हणून दर रविवारी दुपारी वखारीत आम्ही अकरा जण जमतो. फिडलवाल्यांतला एक तयार आहे, दुसऱ्याला मनवतोय. नाशकानं त्या आख्यानाचा शेवट तेवढा ऐकलाय, तोही जेवणासाठी खोळंबून. नवरी नदीला अंतरपाट म्हणते ती जागा, तिचा बाप घाबरतो ती जागा, सगळा चढता पूर, हे अजून कोणी ऐकलेलं नाही. मी ते ऐकवणार आहे, जोशांच्या मुंजीपासून, मांडव नाही, पंगत नाही, नुसती बसलेली माणसं. इंदूरला जाऊन मास्तरांना मी स्वतः घेऊन येईन. तोवर कान राहिला तर ठीक. नाही राहिला तर त्यांना चाचांच्या शेजारी बसवीन, तळहात ड्रमच्या कातड्यावर ठेवून. पूर त्यांना हातातून कळेल. आणि पाणी थांबलं की माणसं गप्प बसलीत की नाही ते मी मास्तरांना खुणेनं सांगेन. तोपर्यंत एकविसाव्या मात्रेचा षड्ज मी लावणार नाही.